रॉइसच्या पलंगाखालची बॅटरी

४ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०
बॅटरी गेली. पहाटे हीटरचा पंखा घरघरला आणि गप्प झाला. हीटर गॅसवर चालतो, पण पंखा बॅटरीवर. बायकोने, म्हणजे मार्लिसने, दोन रजया, माझा कोट आणि बाथरूममधलं पायपुसणं अंगावर ओढलं. मी झोपेचं सोंग घेतलं.
मार्लिसचं म्हणणं, ती नोव्हेंबरपासून सांगते आहे की बॅटरी म्हातारी झाली. साफ खोटं. तिने पहिल्यांदा सांगितलं ते दोन डिसेंबरला.
संकल्प: आजपासून ही रोजनिशी. नव्या बॅटरीची निवड शास्त्रशुद्ध पद्धतीने. भावनेला थारा नाही. मिनेसोटात शेतकी सोसायटीच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटर सांभाळलाय. बॅटरीतलं मला कुणी शिकवू नये.

स. ७.४०
मार्लिस कॉफीला रॉइसकडे गेली.
रॉइस टिडवेल. टेक्ससचा. विधुर. वय एकसष्ट, डोक्यावर अजून सगळे केस. आमच्या ट्रेलरपासून, म्हणजे या चाकांवरच्या घरापासून, त्याचा ट्रेलर बेचाळीस पावलांवर (मोजली). क्वार्ट्झसाइटच्या या वाळवंटात बर्फ चुकवायला आलेल्या आम्हा कुणाकडेच नळ नाही, वायर नाही. हिवाळाभर ज्याची त्याची बॅटरी आणि ज्याचं त्याचं नशीब. त्याची लिथियम आहे. चारशे अँपिअर-अवर. पलंगाखाली ठेवलेली.
पलंगाखाली आहे हे मला मार्लिसने सांगितलं. तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. विचारणार आहे. योग्य वेळी.

संध्याकाळी ५.३०
चार वाजता रोजच्यासारखे वस्तीतले सगळे आपापली खुर्ची आणि आपापला पेला घेऊन जमले. रॉइसने सगळ्यांदेखत मला विचारलं, लिथियम बसवल्यापासून माझी जुनी सील्ड बॅटरी नुसती पडून आहे, दोनच वर्षं वापरलीय, नेतोस का? पैसे नकोत, म्हणाला. वर मार्लिसकडे बघून हसला.
मी म्हटलं, हॅल्व्हरसनांच्या घराण्यात दुसऱ्याचं उष्टं खात नाहीत.
मार्लिस म्हणाली, ऑरिन, ती बॅटरी आहे, बटाट्याची भाजी नव्हे.
सगळे हसले. आर्डिथ बोकर सगळ्यांत मोठ्याने. आर्डिथ अठ्ठ्याहत्तरची, टेलिफोन कंपनीत खांबावर चढायची, आता व्हॅनमध्ये एकटी राहते. तिला कशाचंही हसू येतं.
मी जळतो का? मुळीच नाही. नोंद म्हणून लिहितोय.

५ जानेवारी, रविवार. स. ८
पहाटे पुन्हा पंखा बंद. मार्लिसने शांतपणे मुदत दिली. पुढच्या रविवारपर्यंत, म्हणजे बारा तारखेपर्यंत, बॅटरी. कुठलीही. नाहीतर ती मेसाला व्हर्नाकडे, म्हणजे बहिणीकडे जाईल. व्हर्नाच्या घरी भिंतीत प्लग आहे, म्हणाली, आणि तो भांडत नाही.
मी म्हटलं, हिवाळा आपण दोघांनी मिळून काढायचा असं ठरलंय. ती म्हणाली, मग दोघांना ऊब लागेल.
सात दिवस आहेत. भरपूर.

६ जानेवारी. दुपारी १२
अभ्यास सुरू. गाडी सुरू करायची बॅटरी एकदा जोरात धक्का देते आणि निवांत बसते. आपल्याला हवी डीप सायकल: थोडं थोडं, रात्रभर, न कुरकुरता देणारी. प्रकार तीन.
पाण्याची: स्वस्त, पण अधूनमधून झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. सील्ड: पाण्याची कटकट नाही. लिथियम: हलकी, महाग, शेवटच्या थेंबापर्यंत देते, दहा-अकरा वर्षं टिकते.
लिथियम बाद केली. कारण: दिखाऊपणा. रॉइसकडे आहे याचा संबंध नाही.

दु. ३
आर्डिथ आली. न विचारता माझ्या बॅटरीची झाकणं उघडून आत डोकावली. विचारलं, हिला शेवटचं पाणी कधी पाजलंस? मी म्हटलं, बॅटरी आहे, म्हैस नाही. आतल्या पट्ट्या कोरड्या ठणठणीत निघाल्या. ती म्हणाली, ही मेली नाही रे, तू मारलीस.
आर्डिथचा अनुभव टेलिफोनचा. बॅटरीचा वेगळा विषय आहे.
मार्लिस तेव्हा घरी नव्हती. (रॉइस.)

७ जानेवारी. स. १०.१५
दुर्बीण काढली. पक्षिनिरीक्षणासाठी. निरीक्षणे:
तुऱ्याचे लाव्हे: सहा.
गिधाड: एक, दूरवर.
मार्लिस: ७.३५ ला आत, ९.१५ ला बाहेर. एक तास चाळीस मिनिटं.
आतून हसण्याचा आवाज: तीनदा. दोनदा तिचा. एकदा दोघांचा.
परतली तेव्हा केस वाळवलेले, मऊ, खांद्यावर सोडलेले. रॉइसकडे हेअर ड्रायर चालतो, म्हणाली. चालणारच. चारशे अँपिअर-अवर. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी हिने कधी असे केस वाळवले नाहीत. (सहा वर्षांपूर्वी ट्रेलर घेतला तेव्हापासून हेअर ड्रायरला मीच बंदी घातली आहे. पण हौस असती तर टॉवेलनेही होतं.)
तीनदा हसण्यासारखं तो काय बोलतो? माझ्याशी बोलताना तो फक्त हवामान बोलतो.
नाश्त्याला घट्ट, गार ओटमील. ढवळत बसलो, घास उतरला नाही. हो, पोटात दुखतंय. लिहून टाकलं. इथे कोण वाचणार आहे.

८ जानेवारी. स. ९
आज धडाडीने वागलो. पाच चाळीसला पंखा बंद पडताच उठून जनरेटर सुरू केला. म्हटलं, मार्लिसला जाग येईल ती उबेत, आणि मग रॉइसकडे जायचं कारणच उरणार नाही.
सहाच्या आधी जनरेटर लावायचा नाही, असा इथला नियम आहे. मला माहीत होतं. पण घरचा प्रश्न होता.
पाच मिनिटांत आर्डिथ झग्यात आणि स्लिपरात दारात हजर. म्हणाली, ऑरिन, मेलेल्यांनाही उठवशील तू, आणि माझ्या वयाच्या बाईला ते परवडत नाही. मागोमाग अख्खी वस्ती उठली. कुणीतरी भांडं फेकलं. माझ्या दिशेने नसावं.
रॉइस मात्र मफलर गुंडाळून आला आणि हळू आवाजात म्हणाला, थंडी वाजत असेल तर दोघं माझ्याकडे या, जागा आहे. दोघं! म्हणजे मला पण बोलावलं. लबाड माणूस.
मार्लिस गेली. मी गेलो नाही. मी गारठून बसलो, पण ताठ बसलो.

९ जानेवारी, गुरुवार. दु. २
विजय!
सकाळी गावातल्या जुन्या बाजारात गेलो. तंबूच तंबू: दगड, चाकू, टोप्या, कुणाचे तरी मासेमारीचे गळ. एका कोपऱ्यात दाढीवाला बॅटऱ्या मांडून बसलेला. त्यात एक सील्ड, जवळजवळ नवी, मापात अगदी आपल्याला हवी तशी. मीटर लावून पाहिलं: उत्तम. दाढीवाला म्हणाला, परवाच आली, जाणत्या माणसाकडून, निष्काळजी माणसाची नाही. मी तासभर घासाघीस केली. दोनदा निघून गेलो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा तोच थकला.
बॅटरीच्या कडेला टेक्ससच्या नकाशाचा स्टिकर आहे. म्हणजे फिरलेली, अनुभवी बॅटरी.

सं. ६
बसवली. दिवे लख्ख. पंखा पहिल्या फटक्यात. मार्लिसने हीटरपाशी हात धरले, डोळे मिटले, आणि म्हणाली, ऑरिन, थँक यू. किती दिवसांनी म्हणाली! मला भरून आलं. चष्मा पुसायचं निमित्त केलं.
चारच्या बैठकीत घासाघिशीची गोष्ट सविस्तर सांगितली. म्हटलं, फुकटची बॅटरी कोणीही घेतं, पारखून घ्यायला नजर लागते. रॉइस बॅटरी बघायला आला. वाकून बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. मग सरळ उभा राहून म्हणाला, चांगली बॅटरी आहे, ऑरिन, मी हवी तर ग्वाही देतो.
आर्डिथला अचानक ठसका लागला. पाठ थोपटावी लागली.
रॉइस हरला. चेहऱ्यावर दिसत होतं.

१० जानेवारी. स. ९
मार्लिस सातपर्यंत गाढ झोपली. नाक गार नव्हतं, म्हणाली. कॉफी इथेच केली, दोघांनी मिळून प्यालो. पॅनकेक केले. ती रॉइसकडे गेली नाही. एकदा उठली तेव्हा माझा हात दुर्बिणीकडे गेला, पण ती फक्त सिरप आणायला उठली होती.
संकल्प: दुर्बीण फक्त पक्ष्यांसाठी.

दु. १
सत्यानाश.
जेवताना मार्लिसला हसू आवरेना. चमच्यातलं राजम्याचं चिली सांडलं. म्हणाली, सांगू का, रागावणार नाहीस ना? ती रॉइसचीच बॅटरी आहे. तू नको म्हणालास म्हणून त्याने मंगळवारी बाजारातल्या दाढीवाल्याला देऊन टाकली. टेक्ससचा स्टिकर त्याच्या नातीने लावलाय. फुकट मिळत होती ती तू तासभर भांडून विकत आणलीस, ऑरिन!
तिची अपेक्षा होती की मीही हसावं. हात पुढे करून माझा हात धरला, तिला खरंच मजा वाटत होती.
मी विचारलं, स्टिकर नातीने लावला हे तुला कसं माहीत?
तिने हात काढून घेतला.
म्हणजे काल सगळ्यांना माहीत होतं. ग्वाही देतो म्हणे! सगळ्यांसमोर मला उघडं पाडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गप्प राहून मोठेपणा मिरवला. माझ्या बायकोला ऊब कुणाची? त्याची. रात्रभर, थोडी थोडी, न कुरकुरता. माझ्याच ट्रेलरमध्ये!

दु. २
बॅटरी काढली. मार्लिस दारात उभी राहिली. म्हणाली, राहू दे ना. कुणाची का असेना. एवढंच मागतेय मी तुझ्याकडे.
मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व पांघरून झोप मग.
बॅटरी उचलून बेचाळीस पावलं गेलो. साठ पौंड. दोनदा खाली ठेवली. रॉइसच्या पायरीवर ठेवली आणि परतलो. तो आतून म्हणाला, ऑरिन, कंबर सांभाळ.
कंबर धरली आहे. त्याला कसं कळलं?

११ जानेवारी, शनिवार. सं. ५
निर्णय झाला. लिथियम.
मी लिथियमच्या विरोधात कधीच नव्हतो. सखोल विचारांती त्याच निष्कर्षावर आलो, एवढंच. सकाळी नदीपलीकडे ब्लाइदला जाऊन घेऊन आलो. चारशे साठ. पुन्हा लिहितो: चारशे साठ. त्याच्यापेक्षा साठने जास्त.
जुनी बॅटरी होती तिथेच बसवली, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, बाहेरच्या पेटीत. पेटी लहान पडली म्हणून झाकण काढून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे. पलंगाखाली लपवायला आपण काही चोरून आणलेली नाही. सोबत बारीक अक्षरातली पुस्तिका आली. ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी असते.
आर्डिथ म्हणाली, अरे, ही आत ठेव, हिला थंडी सोसत नाही. मी म्हटलं, बॅटरी आहे, मांजर नाही. ती म्हणाली, पुस्तिका तरी वाच. बाई सोडत नाही.
मार्लिसने एकच विचारलं. आज रात्री ऊब राहील का?
मी म्हटलं, पुढची अकरा वर्षं राहील.
तिने सूटकेस पलंगाखालून काढून कोपऱ्यात उभी केली. साफसफाई करत असावी.

१२ जानेवारी, रविवार. स. ६.३०
पंखा पहाटे बंद पडला.
बॅटरी दुकानातून येताना पावच भरलेली असते, असं आता कळलं. बाहेर पाणी गोठलंय. सहा वाजून एक मिनिटाने जनरेटर लावला (नियम पाळला). जनरेटर ठणाणा करतोय आणि बॅटरीत काहीही शिरत नाही. मग पुस्तिका काढली. पान दोन, ठळक अक्षरात: गोठणबिंदूखाली ही बॅटरी चार्ज होत नाही, आतल्या भागात बसवावी.
ठळक अक्षरं आणखी मोठी हवी होती. कंपनीला पत्र लिहिणार.

स. ८
मार्लिस निघाली. कोट घालून, सूटकेस घेऊन. मला वाटलं, आता रॉइसची गाडी दारात येणार. तयारीत होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, तीन मुद्दे.
आली ती आर्डिथची व्हॅन.
माझे तीनही मुद्दे रॉइससाठी होते. आर्डिथला एकही लागू पडेना.
मी मार्लिसला म्हटलं, दोन तास थांब, ऊन वर आलं की बॅटरी गरम होऊन चार्ज होईल. ती म्हणाली, मी सहा आठवडे थांबले. मग मी शेवटी विचारलं. आठवडाभर विचारायचं होतं ते. रॉइसमध्ये असं काय आहे?
ती म्हणाली, हीटर, ऑरिन. त्याच्याकडे हीटर चालतो. आणि तो मला त्याच्या बायकोच्या गोष्टी सांगतो, तिचं नाव फ्लोरिन होतं, आणि रोज सांगून झालं की विचारतो, ऑरिनला पण का नाही आणत?
मग तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. आणि व्हॅनमध्ये बसली.

स. ११
ऊन आलं. बॅटरी चार्ज होतेय. जोरात.

१३ जानेवारी. दु. १२
बॅटरी शंभर टक्के. रॉइसच्या मदतीने आत घेतली, जेवायच्या बाकाखाली. त्याने न बोलता वायर कापून दिल्या, टोकं नीट आवळली. जाताना हवामानाबद्दल बोलला. मीही बोललो.
रात्री सगळे दिवे लावून झोपणार आहे. पुरतील.

१४ जानेवारी
मेसाला फोन केला. व्हर्नाने उचलला. मार्लिस अंघोळ करतेय, म्हणाली. गरम पाण्याने, म्हणाली. अर्ध्या तासाने केला, तरी अंघोळच.
संकल्प: फोन करायचा नाही. माणसाला अभिमान असतो.

१४ जानेवारी, नंतर
पाच वेळा केला.

१५ जानेवारी
व्यवहारी विचार केला. बॅटरी इतकी उत्तम असताना ती मार्लिसला दाखवायला नको का? ट्रेलर जोडला. सगळे निरोपाला आले. आर्डिथ म्हणाली, तिथे जाऊन बॅटरीबद्दल एक अक्षर बोलू नकोस. रॉइसने वाटेसाठी गरम कॉफीचा थर्मास दिला. चांगली होती कॉफी. फारच चांगली.

१८ जानेवारी, शनिवार. मेसा. स. ९
व्हर्नाच्या गॅरेजसमोर आहे. तीन दिवस झाले. शेजाऱ्यांची तक्रार आहे की ट्रेलरने फुटपाथ अडवलाय. बॅटरी शंभर टक्के. पंखा, दिवे, पंप, सगळं एकदम चालतं. रात्री इतकं उकडलं की खिडकी उघडावी लागली.
मार्लिस आत झोपते, व्हर्नाच्या पाहुण्यांच्या खोलीत.
आज सकाळी ती स्वतःहून आली. दारावर टकटक केली. मी घाईघाईने टेबल पुसलं, शर्ट बदलला, पंखा पूर्ण वेगाने सोडला. ती आत आली, बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून इकडेतिकडे बघत राहिली. मी बॅटरीबद्दल एक अक्षर बोललो नाही. घसा दुखेपर्यंत बोललो नाही.
शेवटी तिनेच विचारलं, रात्री थंडी नाही ना वाजत तुला?
मी म्हटलं, छे! तसूभरही नाही. अकरा वर्षं वाजणार नाही.
ती म्हणाली, मग बरं झालं. मला तीच काळजी होती. झोप तर मग इथेच.
आणि माझ्या गालावर हात फिरवून व्हर्नाच्या घरात परत गेली. वाजत होती म्हणायला हवं होतं.